कड घोटणारे लाकूड

कोल्हापुरी पायताण हातात घेतले की माणूस आधी वेणी पाहतो, मग अंगठा, मग कान. शेवटी उलटे करून तळ पाहतो आणि किंमत विचारतो. कडेकडे कोणी पाहत नाही. वास्तविक चांगल्या कारागिराच्या पायताणाच्या कडेवरून अंगठा फिरवला, तर तळाला कातड्याचे दोन-तीन थर आहेत हे कळतच नाही. सगळे मिळून एकच, शिंगासारखे तुकतुकीत. ही कड रंगाने किंवा पॉलिशने तशी होत नाही. ती लाकडाने घासून तशी केलेली असते. या लेखाचा विषय ते लाकूड आहे.

मी इथे कागदाच्या वाटेने आलो. इतिहासाचे रीतसर शिक्षण नाही. पोथ्या-बखरींच्या जुन्या कागदाचा नाद होता. बोरूची शाई फुटू नये म्हणून पूर्वी कागदाला खळ देऊन तो गुळगुळीत दगडाने घासत. तो ‘घोटीव’ कागद. घासणाऱ्या दगडाला किंवा कवडीला फारसीत मुहरा म्हणत. ‘घोटणे’ हे क्रियापद मराठीने पुढे कुठे कुठे नेले आहे पाहा: अक्षर घोटतात, पाढे घोटतात, भांग घोटतात, दाढी घोटतात, वरण घोटतात. या सगळ्यांत एकच कल्पना आहे. त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जायचे, म्हणजे खडबडीतपणा जातो. कातड्याची कड घोटतात हे मला कुठल्या कोशात नाही, करवीर तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या ओसरीवर कळले.

मी गेलो होतो रापी पाहायला. रापी, आरी, ऐरण, मोगरी अशी यादी करत होतो. त्यांनी मांडीखालून बोटभर जाडीचा, काळाभोर झालेला लाकडाचा तुकडा काढला, पायताणाची कड ओल्या फडक्याने पुसली आणि तुकड्याच्या खाचेत ती धरून भराभर घासू लागले. मी विचारले, “मामा, याला काय म्हणायचे?”

“ह्येला कसलं नाव? घोटायचं लाकूड.”

“विकत कुठे मिळते?”

“इकत?” त्यांना हसू आले. “आवो, ह्ये कोन इकल? ज्यानं त्यानं आपलं करून घ्यायचं.”

माझ्या यादीत त्या दिवशी जागाच नव्हती. रापीला नाव होते, लोहार होता, किंमत होती. या तुकड्याला यातले काहीच नव्हते. यापुढे सोयीसाठी मी त्याला ‘घोटणी’ म्हणतो. भांड्यांच्या दुकानात हा शब्द उच्चारलात तर वरणाची घोटणी हातात पडेल, ते वेगळे.

पहिला प्रश्न असा की लाकूडच का? लोखंड अधिक गुळगुळीत, अधिक टिकाऊ. उत्तर कातडे कमावण्याच्या पद्धतीत आहे. कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात. दोहोंत टॅनिन भरपूर. टॅनिनला लोखंड भेटले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाई होते ती याच न्यायाने. ओलसर कडेवर लोखंड शंभर वेळा फिरवा, कड डागाळलीच. रापीही लोखंडाची, पण ती कापते आणि बाजूला होते. घोटणीला मात्र त्याच जागी राहायचे असते. युरोपात बुटांच्या कडेवर तापवलेली लोखंडी हत्यारे चालत, कारण तिथे कड आधीच काळी करून मेण लावलेले असे. कातड्याचा मूळ रंग ज्यांना राखायचा होता त्यांना लाकूड, हाड किंवा शिंग याशिवाय गत्यंतर नव्हते.

दुसरा प्रश्न, घासल्याने होते काय? कापलेल्या कडेवर कातड्याचे तंतू कुंच्यासारखे उभे असतात. ओलाव्याने ते मऊ होतात, दाबाने आडवे होतात आणि घर्षणाच्या उष्णतेने, आतल्या टॅनिनसह, एकमेकांत बसतात. वनस्पतींनी कमावलेले कातडे ओले असताना साधारण ७० ते ८५ अंशांना आकसू लागते. घोटणाऱ्याचा हात या मर्यादेच्या अलीकडे खेळत असतो. कमी घासले तर तंतू पुन्हा उठतात, अति घासले तर कड करपून ठिसूळ होते. थर्मामीटर नाही, अंगठ्याला चटका बसायला लागला की थांबायचे.

हे नुसते वाचून मला पटेना, म्हणून करून पाहिले. आमच्या गावात पोळपाट-लाटणी करणारा एक कातारी आहे. त्याच्याकडून वेगवेगळ्या लाकडांच्या वीतभर घोटण्या कातून घेतल्या. सागवान पहिल्याच दिवशी बाद झाले. त्याच्या मोठ्या छिद्रांत तंतू अडकतात, कड गुळगुळीत व्हायच्या ऐवजी पिंजते. खैराकडून फार अपेक्षा होत्या, मुसळाचे लाकूड ते. पण ओल्या कातड्यावर त्याने तांबूस रंग सोडला. खैरापासूनच कात करतात हे पान खाताना ठाऊक असते, घोटणी करताना आठवले नाही. हळदूचा पोत फार सुंदर, एकसारखा, फण्यांना वापरतात तसा. पण खाच लवकर रुंदावली. टिकली ती शिसवी आणि चिंचेच्या गाभ्याची. खाटकाचा ठोकळा चिंचेचा का असतो, याचेही उत्तर जाता जाता मिळाले.

चुका याहून बोलक्या ठरल्या. पहिल्या घोटणीच्या खाचेची धार मी मोडली नाही. तिने कडेच्या दोन्ही अंगांना रूळ ओढावेत तशा रेघा पाडल्या. खाचेचा तळ गोल हवा आणि तोंडही बाहेरच्या बाजूला गोलावलेले हवे. खाच कातड्याच्या जाडीपेक्षा किंचितच मोठी हवी. सैल असली तर कडेची फक्त मधली रेघ चमकते, कोपरे तसेच राहतात. दुसरी चूक कातारीची. काम चांगले दिसावे म्हणून त्याने घोटणीवर लाखेचा सुरेख लाल हात दिला. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाने लाख वितळते आणि लाकडाला धरते, ही त्याची रोजची विद्या. मी कड घासायला घेतली, तर त्याच घर्षणाने लाख वितळली आणि कातड्याला धरली! घोटणीला काहीच लावायचे नसते. तिला जी चकाकी येते ती कातड्याकडूनच.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुढे एका परदेशी संशोधनात दिसले. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या पेश द लाझे आणि आब्री पेरोनी या दोन स्थळी हाडाच्या हत्यारांचे चार तुकडे सापडले. त्यांविषयीचा शोधनिबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. काळ सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीचा, करणारे निअँडरथल. तुकडे बोटाच्या पेराएवढे, पण टोकाला गोलाई आणि चकाकी. त्या झिजेवरूनच ओळखले की हे कातडे घासून मऊ आणि तकतकीत करण्याचे हत्यार. २०२० साली हाडातल्या प्रथिनांची तपासणी झाली आणि ती हाडे गवा-बैलाच्या कुळातल्या मोठ्या जनावरांच्या बरगड्यांची निघाली. तिथे रेनडिअरची हाडे मुबलक पडलेली असताना घासण्यासाठी जाड बरगडी निवडलेली होती. सागवान टाकून चिंच उचलण्याचाच हा प्रकार.

फ्रेंच कारागिरांनी हाड पुढेही सोडले नाही. तिथल्या चांभाराच्या घोटायच्या हाडाला ‘अस्तीक’ म्हणत आणि त्यावरून ‘अस्तीके’ हे क्रियापद झाले. सैनिक आपले चामडी पट्टे चमकवत, त्यासाठी ते रुळले. आज कोणतीही वस्तू घासूनपुसून लख्ख करण्याला ते लागते. आपल्या ‘घोटणे’चा प्रवास इतका मिळताजुळता की गंमत वाटते. हाडाबरोबर बॉक्सवुड हे बारीक पोताचे, जड लाकूडही तिथे चाले. गार्सो यांचा चांभारकामावरचा ग्रंथ पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या मालेत १७६७ साली निघाला, त्यात हत्यारांची चित्रपत्रे आहेत. इंग्लंडमध्ये सलामन यांनी चर्मकामाच्या हत्यारांचा अख्खा कोश १९८६ साली छापला. बसून काम करणाऱ्या माणसाच्या मांडीखाली काय काय असते, हे तिथे कोणीतरी पाहिले, मोजले आणि काढले.

घोटणीचे मरण मात्र अमेरिकेतून निघाले. १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याचे पेटंट घेतले. १८९३ साली मार्टिन डेनिस यांनी ती रीत सोपी केली. महिन्यांचे काम दिवसांवर आले. भारतात ही पद्धत आणण्यात आल्फ्रेड चॅटर्टन यांचा वाटा मोठा. १९०३च्या सुमारास मद्रासेत त्यांनी प्रयोग सुरू केले, तेही कशासाठी, तर मोटेच्या कातड्यासाठी. सतत पाण्यात राहून मोट कुजे. क्रोमचे कातडे पाण्याला दाद देत नाही. हेतू शेतकऱ्याच्या हिताचा होता, यात शंका नाही.

पण जे कातडे पाण्याला दाद देत नाही ते घोटणीलाही देत नाही. क्रोमच्या कातड्याला उकळत्या पाण्याइतकी उष्णता लागली तरी ते सहसा आकसत नाही. शिवाय ते स्पंजासारखे लवचीक. तंतू आडवे केले तरी पुन्हा उठतात. मी चिंचेच्या घोटणीने अर्धा तास घासले. हात दुखला, कड जशीच्या तशी. म्हणून त्या कातड्याची कड एकतर दुमडून शिवतात किंवा तिच्यावर रंगाचा जाड थर चढवतात. तुमच्या पाकिटाच्या कडेचा रबरासारखा पापुद्रा सुटत असेल, तर तो हाच. आज जगातले बहुतेक कातडे क्रोमचे आहे. घोटणीला कोणी हरवले नाही, तिच्याखालचे कातडेच बदलले.

आपल्याकडे ते कातडे काही ठिकाणी टिकले, कोल्हापूर त्यांतले मुख्य. नोंदी मात्र अशा आहेत की घोटणीपर्यंत हात पोचत नाही. जे. आर. मार्टिन यांनी मुंबई इलाख्यातील कातडी कमावणे आणि चर्मकाम यांवर १९०३ साली पुस्तिका लिहिली. आत्र्यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’त बलुतेदार चांभार आहे. पण ही सगळी माहिती बाहेरून, उंबऱ्याच्या अलीकडे उभे राहून घेतलेली. कमावणारा ढोर आणि शिवणारा चांभार, दोघांच्याही ओसरीवर बसून हत्यार हातात घेणे त्या काळच्या लिहिणाऱ्याला सुचण्यासारखे नव्हते, आणि ज्यांना सुचले असते त्यांच्या हाती लेखणी नव्हती. आमच्या कागदाच्या नादात आम्ही घोटीव कागदावर पाने लिहिली. मोहरा सांभाळून ठेवला. एकच क्रिया, पण एक पोथीच्या बाजूची आणि एक पायताणाच्या.

२०१९ साली कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने तशाच चपला मिरवल्या आणि गदारोळ झाला. नावाबद्दल, आकाराबद्दल, किमतीबद्दल खूप लिहिले गेले, ते योग्यच होते. कडेबद्दल एक वाक्य माझ्या वाचनात आले नाही. मानांकन नावाला मिळते. सालीत कमावलेले कातडे महाग झाले आणि कारागीर तयार तळ आणून वर नुसते पट्टे शिवू लागला, तर नाव राहील आणि घोटायला काही उरणार नाही.

गेल्या वर्षी मी पुन्हा त्याच ओसरीवर गेलो. मामा थकले आहेत, हात कापतो, काम मुलगा पाहतो. शिलाईचे मशीन आले आहे. घोटायच्या लाकडाचे विचारले तर मुलगा जरा ओशाळला. “मशीन हालत होतं, तवा त्याच्या पायाखाली लावलंय.” त्याने ते काढून दिले आणि त्या जागी पुठ्ठ्याची घडी सारली. मामांनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला, अंगठ्याने खाच चाचपली आणि मोजायला माझ्याकडे दिला.

लांबी साडेपाच इंच, जाडी सव्वा इंच. लाकूड बहुधा चिंचेचे. खाचा दोन, लहान तीन मिलिमीटरची, पट्ट्यांसाठी, मोठी नऊ मिलिमीटरची, तळासाठी. मोठ्या खाचेची डावी कड उजवीपेक्षा जास्त झिजली आहे, कारण मामा डावखुरे.