जपून ठेवलेल्या सीरमची साक्ष

डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. यमुनेचा प्रवाह सरकल्याने नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या पाणी-उपसा केंद्रापर्यंत पोचले होते. क्लोरीनची मात्रा वाढवली गेली. टायफॉइड पसरला नाही. कावीळ मात्र पसरली. पुढे बरीच वर्षे हे हेपटायटिस ‘ए’च्या विषाणूचे काम मानले गेले.

पण एक गोष्ट खटकते. आपल्याकडे तेव्हा ‘ए’ची लागण बहुतेकांना बालपणीच होऊन जाई, आणि एकदा झाली की पुन्हा होत नसे. मग इतकी प्रौढ माणसे आजारी कशी पडली?

१९८० मध्ये उलगडा झाला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी त्या रुग्णांचे जपून ठेवलेले सीरम तपासले. साथीचे कारण ‘ए’ही नव्हते, ‘बी’ही नव्हते! १९८३ मध्ये मिखाइल बालायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः पिऊन नवा विषाणू दाखवून दिला. तोच हेपटायटिस ‘ई’. गर्भवतींना विशेष घातक.

साथीत पाणी उकळूनच प्यावे, हे आपण मुलांना सांगतोच. त्याबरोबर ही गोष्टही सांगावी. प्रयोगशाळेत आम्ही जुने नमुने का जपतो, तेही त्यांना कळेल.