अमेरिकेंतील इमर्जन्सी रूम आणि तिची किंमत

आपल्या शहरांतील पुष्कळ घरांतून आज एखादा मुलगा अगर मुलगी अमेरिकेंत असते, आणि तिकडून एक गाऱ्हाणें हटकून ऐकूं येतें. पोरास रात्रीं ताप भरला, इस्पितळाच्या इमर्जन्सी रूममध्यें नेलें, सकाळीं पोर खेळूं लागलें; पण पुढें टपालानें बिल आलें तें पाहून बापासच ताप भरला! शेजारच्या ‘अर्जंट केअर’ दवाखान्यांत हेंच काम दशांश पैशांत झालें असतें, असें मग कोणी शहाणा सांगतो. त्याचें सांगणें खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे. आणि तें कां अपुरें आहे हें कळण्यास या दोन जागांचा इतिहास पाहिला पाहिजे.

इमर्जन्सी रूम म्हणजे आपल्या इस्पितळांतील कॅज्युअल्टी, अपघात-विभाग. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं अमेरिकेंतहि तिचें महत्त्व बेताचेंच होतें. घरोघरचा डॉक्टर ठरलेला असे व बोलावणें जातांच तो पेटी घेऊन घरीं येई. १९४६ सालीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं हिल-बर्टन कायद्यावर सही केली आणि इस्पितळें बांधण्यास सरकारी पैसा मिळूं लागला. गांवोगांव नव्या इमारती उठल्या. त्याच सुमारास डॉक्टर मंडळी एकेका अवयवाचे तज्ज्ञ बनूं लागली आणि घरीं येऊन रोगी पाहण्याची चाल मागें पडली. मग अवेळीं दुखणें आलें तर जावें कोठें? इस्पितळाचें तें एक दार तेवढें रात्रंदिवस उघडें. आंत मात्र पुष्कळदां एखादी नर्स, आणि पाळीप्रमाणें हजर असणारा कोणी डॉक्टर, मग तो कातडीच्या रोगांचा कां असेना!

या अवस्थेचा परिणाम काय होई, तें एका खटल्यावरून दिसतें. डेलावेअर संस्थानांत विल्मिंग्टन शहर आहे. तेथें १९५९ च्या जानेवारींत एका चार महिन्यांच्या मुलास जुलाब व ताप होऊं लागला. घरच्या डॉक्टरचें औषध चालू होतें, पण गुण येईना. बुधवारीं डॉक्टर भेटावयाचे नाहींत, म्हणून आईबापांनीं मुलाला इस्पितळाच्या तातडीच्या विभागांत नेलें. तेथील नर्सनें सांगितलें कीं, मूल दुसऱ्या डॉक्टरच्या हाताखालीं आहे, आमचें औषध त्याच्या औषधाच्या आड येईल. तिनें त्या डॉक्टरला दूरध्वनि करून पाहिला, पण तो लागला नाहीं. उद्यां बालरोगांच्या दवाखान्यांत आणा, असें तिनें सुचविलें. मुलाच्या अंगाला हात कांहीं लावला नाहीं. त्याच दिवशीं दुपारीं तें मूल घरीं न्यूमोनियानें गेलें.

इस्पितळाचें म्हणणें असें कीं, आमची संस्था खासगी आहे; कोणास घ्यावें हा आमचा प्रश्न. डेलावेअरच्या वरिष्ठ न्यायालयानें १९६१ सालीं तें सर्वस्वीं मान्य केलें नाहीं. तातडीचा विभाग तुम्हीं चालवितां, लोक त्यावर विसंबून येतात, आणि परत पाठविल्यानें त्यांचा मोलाचा वेळ फुकट जातो. तेव्हां संकट निःसंशय दिसत असतां नकार द्याल तर जबाबदार व्हाल, असा न्यायालयाचा आशय होता. ‘निःसंशय’ हा शब्द श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढचें सारें भांडण त्याच शब्दाचें आहे.

त्याच १९६१ सालीं व्हर्जिनियांतील अलेक्झांड्रिया गांवीं डॉ. जेम्स मिल्स व त्यांचे तीन सोबती यांनीं आपला खासगी धंदा सोडून अपघात-विभागच पूर्ण वेळ चालविण्याचें पत्करलें. १९६८ सालीं अशा डॉक्टरांची संस्था निघाली आणि १९७९ सालीं त्यांची विद्या स्वतंत्र शाखा म्हणून मान्य झाली. विद्या आली, तरी पैशाचा प्रश्न सुटला नाहीं. शिकागोच्या कुक काउंटी या सार्वजनिक इस्पितळांत इतर इस्पितळांनीं पाठवून दिलेल्या ४६७ रोग्यांची पाहणी १९८६ सालीं प्रसिद्ध झाली. शेंकडा ८७ जणांना पाठविण्याचें कारण एवढेंच कीं, त्यांच्यापाशीं पुरेसा विमा नव्हता. आणि जवळजवळ चौथा हिस्सा रोगी धड स्थिर प्रकृतीचेहि नव्हते. त्याच वर्षीं कायदा झाला: तातडीच्या विभागांत जो येईल त्याची तपासणी केलीच पाहिजे, आणि संकट असेल तर पैसा न विचारतां प्रकृति स्थिर केली पाहिजे. मात्र हा खर्च कोणीं सोसावा याविषयीं कायद्यानें एक अक्षर लिहिलें नाहीं. तो अर्थात् देणाऱ्यांच्या बिलांत शिरला. शिवाय रोगी येवो न येवो, डॉक्टर, क्ष-किरण, रक्ताची तपासणी, सारें मध्यरात्रींहि सज्ज ठेवावयाचें, तेंहि त्या बिलांतच.

दुसरें दार उघडलें तें १९७० नंतरच्या दशकांत. बाजारपेठेंत, वेळ न ठरवितां जावें, टांका घालून घ्यावा अगर घसा दाखवावा आणि घरीं यावें, अशी ही सोय. इस्पितळवाल्यांनीं त्यास ‘खोक्यांतला डॉक्टर’ म्हणून हिणविलें. हे दवाखाने रात्रीं बहुधा बंद असतात, आणि स्वतंत्र दवाखान्यांस १९८६ चा कायदा सामान्यतः लागू पडत नाहीं. स्वस्ताईचें एक कारण तेंच आहे. मिनेसोटा संस्थानांतील एका अभ्यासांत (२००९) कान, घसा व लघवीचा दाह या तीन साध्या दुखण्यांचा खर्च इमर्जन्सी रूममध्यें सरासरी ५७० डॉलर, तर अर्जंट केअरमध्यें १५६ डॉलर निघाला. आणि उपचारांत म्हणण्यासारखें उणें आढळलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं हिशेब झाला कीं, इमर्जन्सी रूममधील शेंकडा १४ ते २७ भेटी स्वस्त ठिकाणीं वळवितां येतील व सालीना ४४० कोटि डॉलर वांचतील.

ते वांचले काय? २००८ ते २०१९ या काळांतील विमेदारांचे आंकडे २०२१ सालीं प्रसिद्ध झाले. इमर्जन्सी रूमची एक साधी भेट टळावयास अर्जंट केअरच्या सदतीस भेटी वाढाव्या लागल्या! १,६४६ डॉलर वांचले, ६,३२७ डॉलर गेले. जवळ दार दिसलें म्हणजे जो माणूस घरीं काढा पिऊन निजला असता तोहि जातो. मला यांत आश्चर्य वाटत नाहीं, आणि त्या माणसाला दोष द्यावा असेंहि वाटत नाहीं.

दोष द्यावयाचा तर रोग्यानें आधीं ओळखावें ही अपेक्षा धरणाऱ्यांस द्यावा. २०१३ सालचा एक अभ्यास याविषयीं फार बोलका आहे. इमर्जन्सी रूममधील भेटींपैकीं शेंकडा ६ च शेवटीं साध्या डॉक्टरनें भागण्यासारख्या ठरल्या. पण हे रोगी ज्या तक्रारी घेऊन आले, त्याच तक्रारी एकंदर भेटींपैकीं शेंकडा ८९ मध्यें होत्या. आणि तशा तक्रारी सांगणाऱ्या आठांतील एकास इस्पितळांत ठेवून घ्यावें लागलें. छातींत दुखतें म्हणून आलेल्याचें अपचन आहे कीं हृद्रोग, हें तपासल्यावर डॉक्टर सांगतो. दारांत उभा असलेला काय सांगणार? म्हणून १९९३ सालीं मेरीलँड संस्थानानें असा नियम केला कीं, सामान्य शहाणपणाच्या माणसास जें संकट वाटेल तें विमा कंपनीनें संकट मानावें. निदान शेवटीं काय ठरलें तें पाहूं नये. १९९७ सालीं तो नियम सरकारी योजनांतील विमाधारकांपर्यंत आणि २०१० सालीं बहुतेक खासगी विम्यांपर्यंत पोंचला.

तरीहि २०१७ च्या सुमारास एका मोठ्या विमा कंपनीनें जॉर्जिया, मिसूरी, केंटकी आदि संस्थानांतील आपल्या विमेदारांस कळविलें कीं, दुखणें तातडीचें नव्हतें असें मागाहून दिसल्यास बिल आम्हीं देणार नाहीं. अपघात-विभागाच्या डॉक्टरांच्या संस्थेनें पुढच्याच वर्षीं तिला न्यायालयांत खेंचलें.