सोलापूर आणि चित्रपट-परीक्षण

मराठीतील चित्रपट-परीक्षण वृत्तपत्रांच्या आधाराने वाढले. 3 मे 1913 रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’मुळे मराठी पडदा बोलू लागला आणि कथा, संवाद, गाणी, अभिनय हे सारे परीक्षणाच्या कक्षेत आले. आचार्य अत्रे यांच्यासारख्या लेखकांनी साप्ताहिकांतील या लेखनाला धार दिली.

सोलापूर हे गिरण्यांचे, मराठी-तेलुगू-कन्नड बोलणारे शहर. कामगारवस्तीत सिनेमाची आवड खोलवर रुजली होती आणि भागवत चित्रमंदिरासारखी चित्रपटगृहे गजबजलेली असत. चित्रपटाच्या प्रिंट मोजक्या असल्याने त्या आधी मोठ्या शहरांत लागत, लहान केंद्रांना थांबावे लागे. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या अंकांतील परीक्षण अनेकदा चित्रपटाआधीच वाचकाच्या हाती पडे. तिकिटाचे पैसे जपून खर्चणाऱ्या कुटुंबाला त्यातून कथेचा अंदाज आणि निवडीचा आधार मिळे. ‘संचार’सारख्या स्थानिक दैनिकांमुळे शहराच्या सांस्कृतिक घडामोडींनाही हक्काची जागा मिळाली.

डिजिटल प्रक्षेपणाने ही प्रतीक्षा संपवली. चित्रपट सर्वत्र एकाच शुक्रवारी लागू लागला. करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ (2014) आणि ‘सैराट’ (2016) आले, तेव्हा जिल्ह्याची बोली आणि जातवास्तव हेच राज्यभरच्या परीक्षणांचे विषय झाले. इतरांची परीक्षणे वाचणारा सोलापूर जिल्हा स्वतःच परीक्षणाचा विषय बनला.