नेपोलियनचे शिपाई

युद्ध पुकारणारा एक असतो आणि त्यात मरणारे दुसरे असतात, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिचा उच्चार करण्याचीही कोणास गरज वाटत नाही. नवल वाटावे ते निराळ्याच गोष्टीचे. ज्याच्या हुकमाने आपले सोबती मेले, आपले तारुण्य परमुलखातल्या चिखलात गेले, त्याच्याविषयी शिपायाच्या मनात रागाऐवजी माया कशी राहते? या प्रश्नाचा विचार नुसत्या तर्काने करू नये असे आम्हांस वाटते. एखादे नीट माहीत असलेले उदाहरण समोर ठेवावे आणि त्याच्या खोलात शिरावे. असे उदाहरण फ्रान्सच्या इतिहासात आहे.

१८१५ च्या मार्चची ७ तारीख. ग्रनोबल शहराच्या अलीकडे लाफ्रे नावाचे एक खेडे आहे. तेथे डोंगर आणि तळे यांमधल्या चिंचोळ्या रस्त्यावर राजा अठरावा लुई याच्या पाचव्या रेजिमेंटचे शिपाई वाट अडवून उभे होते. समोरून नेपोलियन येत होता. एल्बा बेट सोडून तो सहा दिवसांपूर्वी हजारएक माणसांनिशी किनाऱ्याला लागला होता. त्याने आपल्या लोकांस बंदुका खाली करावयास सांगितले, तो एकटा पुढे गेला, अंगावरचा राखी कोट उघडला, आणि आपल्या बादशहाला मारू इच्छिणारा कोणी असेल त्याने खुशाल गोळी घालावी असे म्हणाला. गोळी सुटली नाही. शिपायांनी बादशहाच्या नावाचा जयघोष केला आणि रांगा मोडून ते त्याच्याभोवती गोळा झाले. तेराव्या दिवशी, एकही लढाई न करता, तो पॅरिसच्या राजवाड्यात होता.

या प्रसंगाची चित्रे पुष्कळ निघाली, आणि त्यांत नाटकीपणा बराच आहे. पण त्या फौजेने आदल्या तीन वर्षांत काय पाहिले होते हे ध्यानात घेतले पाहिजे. जून १८१२ मध्ये याच माणसाने सहा लाखांच्या आसपास फौज रशियावर नेली होती. तीतली फार थोडी माणसे परत आली. ५ डिसेंबरच्या रात्री उरलेल्यांना बर्फात सोडून तो स्वतः पॅरिसला निघून गेला. ज्या सरकारी पत्रकात फौजेच्या वाताहतीची कबुली होती, त्याचा शेवट बादशहांची प्रकृती पूर्वी कधी नव्हती इतकी उत्तम आहे, या वाक्याने झाला होता! ते वाक्य ऐकून ज्यांच्या घरी सुतक आले होते त्यांना काय वाटले असेल?

लोभामुळे शिपाई एकनिष्ठ राहतो, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पगार, लूट, बढती. हे खरे मानले तर ज्यांना सर्वांत जास्त मिळाले ते शेवटपर्यंत टिकावयास हवे होते. घडले नेमके उलट. एप्रिल १८१४ मध्ये शत्रू पॅरिसमध्ये होता, तेव्हा फोंतेनब्लो येथे खाशा पलटणीचे शिपाई पॅरिसवर चालून जाऊ म्हणून ओरडत होते; आणि ज्यांना त्याने सरदारक्या, जहागिरी, वाडे दिले होते ते मार्शल, फौज आता पुढे जाणार नाही, असे त्याच्या तोंडावर सांगत होते. मार्शल मार्मोंचे सैन्य तर रात्री कूच करून शत्रूच्या गोटात नेण्यात आले. आपण कोठे चाललो हे शिपायांना ठाऊकच नव्हते. उजाडल्यावर समजले तेव्हा त्यांनी व्हर्सायला बंड केले. मार्मों हा रागुझाचा ड्यूक. त्या पदवीवरून फ्रेंच भाषेत दगा देणे या अर्थाचे एक क्रियापदच तयार झाले.

आमच्याकडेही याच्या जवळपास जाणारी एक गोष्ट घडली आहे, तीही एका फ्रेंच माणसाच्या संबंधात. महादजी शिंद्यांनी उभारलेल्या कवायती पलटणी पुढे पेराँच्या हाताखाली आल्या. सप्टेंबर १८०३ मध्ये अलिगड पडताच पेराँ आपला पैसाअडका घेऊन इंग्रजांच्या आश्रयास गेला. त्याच्यामागे त्या पलटणींना गोरे अंमलदार उरले नाहीत. दौलतराव दूर दक्षिणेत होता. तरी १ नोव्हेंबरला लासवारीच्या मैदानावर ते शिपाई आपल्या तोफांपाशी उभे राहिले आणि तेथेच कापले गेले. लढाई जिंकणाऱ्या लेकनेही त्यांच्या शौर्याची तारीफ केली. ज्याला भरपूर मिळाले तो गेला, आणि थोडक्यावर राबणारा उभा राहिला. ही जोडी इतिहासात वारंवार भेटते.

मग शिपायाला मिळत होते तरी काय? क्वान्ये नावाच्या एका शिपायाची आठवणींची वही प्रसिद्ध आहे. सावत्र आईच्या छळाने घरातून पळालेला, गुरे राखून आणि घोडे सांभाळून वाढलेला हा पोर १७९९ मध्ये सक्तीच्या भरतीने फौजेत गेला. त्याला अक्षरओळखही नव्हती. १८०४ मध्ये मानाचा क्रूस पहिल्याने ज्यांच्या छातीवर लागला त्यांत तो होता. फौजेतच, तिशी उलटल्यावर, तो लिहावयास शिकला, आणि शेवटी कप्तान झाला. फौजेने त्याला नाव दिले, अक्षर दिले आणि ओळख दिली. नेपोलियन शिपायांची नावे लक्षात ठेवी अशी ख्याती आहे. त्यात पूर्वतयारीचा भाग बराच असे. पण ज्याला आयुष्यात कोणी नावाने हाक मारली नव्हती, त्याला अशा हाकेची किंमत फार मोठी असते.

तथापि चित्र एकरंगी करू नये. १८१३-१४ ची भरती चुकवून हजारो पोरे रानोमाळ लपली होती. घरोघरच्या आया त्याला नरभक्षक राक्षस म्हणत. खुद्द खाशा पलटणीच्या जुन्या शिपायांचे टोपणनावच ‘कुरकुरे’ असे होते. ते शिव्या देत आणि चालत राहत. निष्ठा म्हणजे तक्रार नसणे, असे समजणारास फौज कधी कळली नाही.

आमच्या मते या कोड्याची किल्ली अठराव्या लुईच्या एका तारखेत आहे. १८१४ मध्ये गादीवर येताच त्याने जी राज्यघटना दिली तिच्यावर ‘आमच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष’ असा काळ घातला. म्हणजे त्याच्या हिशेबी १७९५ पासून तोच राजा! मग ऑस्टरलिट्झ कोणाचे? गोठून मेलेले सोबती कोणासाठी मेले? एका लेखणीच्या फटकाऱ्याने शिपायाची वीस वर्षे बंडखोरीत जमा झाली. तिरंगी निशाण गेले, पांढरे आले. दहा हजारांवर अंमलदार अर्ध्या पगारावर घरी बसले, आणि ज्यांनी रणांगण पाहिले नव्हते अशी खानदानी मुले राजाच्या शरीररक्षकांत भरती झाली. इंग्लंड-रशियाच्या कैदेतून सुटून आलेल्यांनी हे पाहिले.

अशा माणसाने नेपोलियनला अव्हेरणे म्हणजे स्वतःचे आयुष्य अव्हेरणे होते. ज्याने थोडे गमावले त्याला ‘आमची चूक झाली’ म्हणता येते. मार्शलांना ते सहज जमले. ज्याचे सर्वस्व खर्ची पडले तो ते कोणत्या तोंडाने म्हणणार? त्या सर्व मरणांना अर्थ होता असे सांगणारा जगात एकच मनुष्य उरला होता, आणि तीच मरणे ज्याने ओढवली तोही तोच होता. लाफ्रेच्या रस्त्यावर राखी कोटात तो उभा राहिला, तेव्हा शिपायांना आपलीच वीस वर्षे परत आलेली दिसली. त्यानंतर सुमारे शंभर दिवसांनी वॉटर्लू झाले, आणि पुन्हा हजारो मेले.

क्वान्ये अर्ध्या पगारावर ओसेर गावी, पोलिसांच्या नजरेखाली, राहू लागला. नेपोलियनने सेंट हेलेनाच्या मृत्युपत्रात आपल्या खासगी मालमत्तेचा अर्धा भाग १७९२ ते १८१५ मधल्या सैनिकांच्या नावे ठेवला. १८५७ मध्ये त्याच्या पुतण्याने, तिसऱ्या नेपोलियनने, त्या जुन्या फौजेतल्या हयात असलेल्या सर्वांसाठी काशाचे एक पदक काढले. एका अंगावर काकाचा मुखवटा, दुसऱ्या अंगावर आपल्या वैभवाच्या सोबत्यांसाठी त्याने मरतेवेळी केलेल्या स्मरणाचा मजकूर. चार लाखांच्या आसपास म्हाताऱ्यांनी ते घेतले आणि छातीवर लावले. दोन वर्षांनी, १८५९ मध्ये, त्यांच्या नातवांच्या वयाची मुले घेऊन तो पुतण्या इटलीच्या युद्धावर निघाला.