कार्डिनल, कबर खोदणारे आणि डोरोथी डे

क्वीन्सहून मॅनहॅटनकडे गाडीने जाताना लाँग आयलंड एक्स्प्रेसवेच्या कडेला थडग्यांचा अफाट पसारा दिसतो. आपल्यापैकी कितीतरी मंडळी रोज तिथून जातात. ही कॅल्व्हरी सिमेटरी. १८४८ साली सुरू झालेल्या या कॅथलिक दफनभूमीत आजवर तीस लाखांच्या आसपास माणसं विसावली आहेत. क्वीन्समध्ये राहायला आल्यावर मी तिचा इतिहास वाचला आणि १९४९ सालच्या एका संपापाशी थबकलो.

न्यूयॉर्कच्या कॅथलिक पॅरिशमध्ये (वसईकडे पॅरिशला धर्मग्राम म्हणतात) दानधर्माची परंपरा मोठी. आयरिश, इटालियन गरीब माणसं बोटीतून उतरली, तेव्हा त्यांच्यासाठी शाळा, अनाथालयं, इस्पितळं उभी राहिली ती बरीचशी अशा दानातून. कॅल्व्हरीत कबरी खोदणारे सुमारे २४० कामगारही बहुतेक कॅथलिकच होते. ते आठवड्याचे सहा दिवस, ४८ तास राबत. त्यांची मागणी साधी होती : पाच दिवस, ४० तास काम आणि पगारात कपात नको. दफनभूमी सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलच्या विश्वस्तांची. म्हणजे मालक कोण, तर खुद्द आर्चबिशप कार्डिनल फ्रान्सिस स्पेलमन!

जानेवारीत संप सुरू झाला. न पुरलेल्या शवपेट्या हजारावर गेल्या. संपामागे कम्युनिस्ट आहेत, असं कार्डिनलचं म्हणणं होतं. मार्चच्या सुरुवातीला ते सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि पुरोहित होऊ घातलेल्या त्या मुलांनी हातात फावडी घेतली.

संपकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली डोरोथी डे. ब्रुकलिनमध्ये १८९७ साली जन्मलेली ही बाई आधी समाजवादी पत्रांत लिहिणारी पत्रकार. १९२७ मध्ये ती कॅथलिक झाली आणि १ मे १९३३ रोजी, ऐन मंदीत, तिने पीटर मॉरिनसह 'कॅथलिक वर्कर' हे पत्र काढलं. किंमत एक सेंट. पाठोपाठ बेघरांसाठी घरं उघडली. तिथे भुकेल्याला सूप, पाव, कॉफी मिळे. दानात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण माणसं रांगेत का उभी राहतात, हेही ती विचारी. तिचे सहकारी संपकऱ्यांसाठी फलक घेऊन उभे राहिले. तिने कार्डिनलना पत्र लिहून, आपण स्वतः कामगारांकडे जाऊन समेट करावा, अशी विनंती केली.

तिच्या म्हणण्याला आधार चर्चचाच होता. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात योग्य मजुरीचा आणि संघटना करण्याचा कामगारांचा हक्क मान्य केला होता. मार्चमध्येच संप मिटला. पगार थोडा वाढला. आठवडा मात्र ४८ तासांचाच राहिला. कामगार हरले, असंच म्हणायला हवं.

डोरोथी १९८० मध्ये गेली. पुढे न्यूयॉर्कच्याच आर्चडायोसिसने तिला संतपद मिळावं म्हणून पुढाकार घेतला. २००० साली रोमने त्याला परवानगी दिली आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कमधलं चौकशीचं काम पुरं होऊन कागदपत्रं रोमला गेली. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं, तेही 'रेरुम नोव्हारुम'ची आठवण ठेवून.

आता थोडं आपल्याकडे वळू या. आपली मंडळंही थँक्सगिव्हिंगला डबाबंद अन्न गोळा करतात, गावाकडच्या शाळांना पैसे पाठवतात. हे व्हायलाच हवं. पण दान द्यायचं की नाही हे देणारा ठरवतो. मजुरी हा घेणाऱ्याचा हक्क असतो. आपल्या घरी साफसफाईला येणाऱ्या बाईला आजारपणाची रजा पगारी मिळते का? गणेशोत्सवानंतर रात्री उशिरापर्यंत हॉल झाडणाऱ्याला जादा तासांचे पैसे मिळतात का? देणगीची पावती फाडताना हेही एकदा विचारून पाहावं, असं मला वाटतं.