आधी तालीम, मग साधन

‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ शिकवणं, शिक्षण. उर्दूत आजही तालीम म्हणजे शाळा-कॉलेजातलं शिक्षणच. मराठीनं मात्र हा शब्द उचलून थेट लाल मातीत नेला. आपल्याकडे तालीम म्हणजे पैलवानांनी घुमण्याची जागा, आणि नाटकाचा सरावही तालीमच. ‘कसरत’ हाही अरबीच. त्याचा मूळ अर्थ विपुलता, पुष्कळपणा. आणि ‘वस्ताद’ म्हणजे फारसीतल्या उस्तादाचं आपलं देशी रूप. हे तीन शब्द शेजारी ठेवले की व्यायामाचं सारं शास्त्र हाती येतं. पुष्कळ वेळा करायचं, शिकून करायचं आणि जाणत्याच्या नजरेखाली करायचं.

मंडळी, आज हे आठवायचं कारण असं, की तालीम आता घराघरांत आली आहे, पण येताना वस्तादाला बाहेर ठेवून आली आहे. 2020 साली टाळेबंदीत व्यायामशाळा बंद झाल्या आणि चालण्याची यंत्रं, सायकली, डंबेल्स दिवाणखान्यात येऊन बसली. त्यांच्या जोडीला कमरेचे पट्टे, पाठ ताठ ठेवणारे पट्टे, मालिश करणारी यंत्रं. यांतलं काय घ्यावं, हा प्रश्न आपण दुकानदाराला विचारतो. तो थोडा इतिहासालाही विचारून पाहावा, असं मला वाटतं.

घरात व्यायामाचं साधन ठेवणं ही काही आजची गोष्ट नव्हे. जोसेफ ॲडिसन हा इंग्रज निबंधकार. 1711 साली ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात त्यानं लिहून ठेवलं आहे, की शहरात असताना तो रोज सकाळी तासभर आपल्या खोलीच्या कोपऱ्यातल्या डंब-बेलवर व्यायाम करतो. डंब-बेल म्हणजे मुकी घंटा. आवाज न करता सारी मेहनत करता येते, याचं त्याला कौतुक होतं. घरमालकीण आणि तिच्या मुलींनाही त्याची वेळ ठाऊक होती. त्या वेळी त्या त्याला त्रास देत नसत. लेखणीवर जगणाऱ्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या माणसाची ही गरज तीनशे वर्षांपूर्वीची आहे.

पुढच्या शतकात आपल्या आखाड्यातला मुद्गल साहेबाच्या देशात गेला. हिंदी शिपाई आणि पैलवान मुद्गल फिरवतात, हे इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी पाहिलं आणि तो व्यायाम उचलला. डोनाल्ड वॉकर या लेखकानं 1834 साली पुरुषांच्या व्यायामावरच्या पुस्तकात त्याला जागा दिली. दोन वर्षांनी स्त्रियांसाठी वेगळं पुस्तक लिहिलं, त्यात हलकी, नाजूक साधनं सुचवली. तिथून मुद्गल अमेरिकेत पोचला. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची चक्क स्पर्धा होती. 1932 साली लॉस एंजेलिसला सुवर्णपदक मिळवणारा जॉर्ज रॉथ हा मंदीच्या काळातला बेकार तरुण होता. आपला मुद्गल एवढा दूर टिकला, कारण तो माणसाप्रमाणे बदलला. तालमीतही पहिल्या दिवशी कुणी पोराच्या हातात वजनी जोडी देत नाही. वस्ताद आधी खांदा पाहतो, मग लाकूड निवडतो.

याच्या उलट वाटेनं गेलेलं एक साधनही सांगायला हवं. जर्मनीतल्या लायप्झिग शहरात मोरिट्झ श्रेबर नावाचे डॉक्टर होते. मुलांनी ताठ बसावं याचा त्यांना ध्यास होता. त्यासाठी त्यांनी टेबलाला बसवायची एक लोखंडी आडवी पट्टी तयार केली. लिहिताना मूल पुढे वाकलं की ती गळ्याखालच्या हाडाला टोचे. 1858 सालच्या आपल्या पुस्तकात अशी साधनं त्यांनी चित्रांसह दाखवली आहेत. गंमत अशी, की याच डॉक्टरांनी 1855 साली घरातल्या घरात, कुठलंही साधन न घेता करायच्या व्यायामांचं पुस्तक लिहिलं होतं, आणि ते खूप खपलं. एकाच माणसाची ही दोन कामं. पट्टीनं मुलाला गप्प बसवलं, पुस्तकानं माणसांना हलायला लावलं. आज ‘पाठ ताठ ठेवतो’ म्हणून विकला जाणारा पट्टा पाहिला, की मला ती लोखंडी पट्टी आठवते.

त्याच सुमारास स्वीडनमध्ये डॉ. गुस्ताफ झांडर यांनी व्यायामाची यंत्रं बनवायला घेतली. 1865 साली स्टॉकहोमला त्यांची संस्था सुरू झाली. आजच्या जिममधल्या यंत्रांचे हे पूर्वज. झांडर यांची काही यंत्रं माणसानं स्वतः जोर लावून चालवायची होती आणि त्यांवरचं वजन प्रत्येकाच्या ताकदीप्रमाणे कमी-जास्त करता येई. दुसरी यंत्रं वाफेवर चालत. माणूस नुसता बसायचा आणि यंत्र त्याला हलवायचं, थापटायचं, घुसळायचं. 1912 साली बुडालेल्या टायटॅनिक जहाजावरच्या व्यायामगृहातही विजेवर चालणारा घोडा आणि उंट होता. पण आज जिममध्ये गेलात तर कोणती यंत्रं दिसतात? स्वतः जोर लावायला सांगणारी. विजेचा उंट कुठेच दिसत नाही.

चालण्याच्या यंत्राची, म्हणजे ट्रेडमिलची, कूळकथा याहून बोलकी आहे. तिचा जन्म तुरुंगातला. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्यानं 1818 च्या सुमारास कैद्यांना कामाला लावण्यासाठी पायऱ्यांचं एक प्रचंड चाक तयार केलं. कैदी तासन्‌तास पायऱ्या चढत राहायचे, चाक फिरत राहायचं, वर मात्र कुणीच पोचायचं नाही. ऑस्कर वाइल्डसारख्या लेखकालाही 1895 साली ते चाक फिरवावं लागलं. 1898 च्या कायद्यानंतर ही शिक्षा संपुष्टात आली. पुढे अमेरिकेत सिॲटलला डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी फिरत्या पट्ट्यावर रोग्याला चालवून त्याचं हृदय तपासण्याची पद्धत बसवली. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ थोडा वाढवायचा, आणि रोग्याला झेपेनासं झालं की थांबायचं. आजची स्ट्रेस टेस्ट ती हीच. चालणं तेच, पण तुरुंगात चाकाच्या वेगानं माणूस चालला आणि दवाखान्यात माणसाच्या दमाप्रमाणे पट्टा चालला. शिक्षा आणि उपचार यांत अंतर पडलं ते एवढंच.

दुखण्याच्या बाबतीत मात्र शहाणपण उशिरा आलं, आणि आलं तेही आपल्यापर्यंत लवकर पोचलं नाही. 1992 साली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना माझी कंबर धरली. गावातल्या डॉक्टरांनी मला तीन आठवडे फळीवर झोपवलं, पायाला वजनं बांधली. उठलो तेव्हा कमरेपेक्षा पायच जास्त थरथरत होते. पुढे वाचनात आलं, की 1986 साली अमेरिकेत डॉ. रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशे तीन कंबरदुखीच्या रोग्यांना दोन गटांत विभागून पाहिलं होतं. एका गटाला दोन दिवस विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवस. दोन दिवसांचा गट लवकर कामाला लागला आणि त्याचं काही बिघडलं नाही. 1995 साली फिनलंडमधल्या अभ्यासात तर झेपेल तेवढी रोजची कामं चालू ठेवणारे सर्वांत लवकर सुधारले. ज्या वर्षी मी फळीवर पडून होतो, त्याच्या सहा वर्षं आधी हे छापून आलं होतं. ज्ञानालाही प्रवासाला वेळ लागतो, आणि तेवढा काळ कुणीतरी फळीवर पडलेलं असतं.

आज या वाटेवर पाट्या लागल्या आहेत. ब्रिटनमधल्या ‘नाईस’ या मार्गदर्शक संस्थेनं 2016 साली कंबरदुखीसाठी पट्टे, कमर ताणण्याचे उपाय आणि त्वचेवरून विजेचे सूक्ष्म झटके देणारी यंत्रं देऊ नयेत, असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सल्ला दिला, तोही व्यायामाच्या आणि रोग्याला नीट समजावून सांगण्याच्या बाजूचा आणि पट्ट्यांच्या विरुद्ध. म्हणजे दुकानात विकली जाणारी ही साधनंच यादीबाहेर आहेत.

मग साधन नकोच का? तसं नाही. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली योग शिकवायला पुण्यात आले. लहानपणी आजारांनी खचलेलं शरीर त्यांनी स्वतः सावरलं होतं. 1952 साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युइन त्यांना भेटले, आणि थकलेल्या, दुखऱ्या शरीराच्या त्या कलावंतानं त्यांना आयुष्यभराचे गुरू मानलं. अय्यंगारांनी आसनांसाठी साधनं वापरली ती कोणती? भिंत, दोर, पट्टा, लाकडी वीट, घडी केलेलं ब्लँकेट, पाठ काढलेली घडीची खुर्ची. हात जमिनीला टेकत नसेल तर हाताखाली वीट द्यायची. जमीनच हातापर्यंत उचलून आणायची. साधन शरीराला जुळवायचं म्हणजे काय, ते या एका विटेत दिसतं. 2014 साली ते गेले, पण जगभर योगवर्गांत त्या विटा आहेत.

माझे वडील यंत्रमागावर बारा-बारा तास उभे असत. त्यांना कुणी चालण्याचं यंत्र सुचवलं असतं तर ते हसले असते. त्यांना गरज होती अधूनमधून टेकायला एका स्टुलाची आणि चार मिनिटांच्या सुट्टीची. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला उंचीप्रमाणे ओटा हवा. संगणकापुढच्या मुलाला दर अर्ध्या तासानं उठवणारं कुणी हवं. दुखणं कशानं आलं हे आधी पाहायला हवं. दुकान त्याच्या नंतर.

म्हणून पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. हे साधन मला हलवायला लावतं, की माझ्याऐवजी स्वतःच हलतं? त्याचं वजन, उंची, वेग माझ्याप्रमाणे बदलतो का? आणि ते कसं वापरायचं हे दाखवणारा जाणता माणूस, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, व्यायामशिक्षक किंवा जुना वस्ताद, निदान दोन-चार वेळा तरी मला मिळणार आहे का? महिनाभर भिंत, खुर्ची आणि सतरंजी यांवर नेमानं व्यायाम करून पाहावा. तो टिकला तर पुढचं साधन घ्यायला हरकत नाही. आणि कंबरदुखीबरोबर पाय बधिर होत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, ताप असेल किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर कुठलंही साधन न शोधता थेट डॉक्टरांकडे जावं.