दिग्दर्शकाची उमेदवारी

‘उमेदवार’ हा शब्द निवडणुकीच्या मांडवांत इतका रुळला आहे कीं त्याचा जुना अर्थ पुष्कळांच्या लक्षांतहि राहिलेला नाहीं. पेढीवर, छापखान्यांत किंवा वकिलाच्या कचेरींत अल्प वेतनावर, कित्येकदां वेतनावांचूनहि, राबून जो धंदा शिकत असे तो उमेदवार. आपला चित्रपट अशाच उमेदवारींतून वाढला. कोल्हापुरास बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी शिकली ती कोणत्याहि अभ्यासक्रमाच्या आधारें नव्हे. पडेल तें काम करीत, चुकत आणि पाहात शिकली. त्यांनीं १९२९ सालीं ‘प्रभात’ काढली, १९३३ सालीं ती पुण्यास आणिली, आणि त्यांचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ पुढील वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत मान पावला. गुरुदत्तांनीं १९४४ सालीं याच प्रभातमध्यें तीन वर्षांच्या करारावर प्रवेश केला. हातीं करार, महिन्याला पगार, आणि शेजारीं काम जाणणारा कोणी वडीलधारा: नवशिक्यास याहून अधिक काय हवें असतें?

प्रभात १९५३ सालीं बंद पडली. तिच्याच आवारांत १९६० सालीं भारत सरकारनें चित्रपटशिक्षणाची संस्था स्थापन केली. जागा तीच राहिली, परंतु उमेदवारीचे मात्र दोन तुकडे झाले. धंदा शिकविण्याचें काम विद्यालयानें उचललें. शिकलेल्या मनुष्यास हातीं पहिलें स्वतंत्र काम येईपर्यंत पोसण्याचें काम कोणाकडेच उरलें नाहीं. चित्रपटाचे इतिहासकार या रिकाम्या जागेविषयीं फारसें लिहीत नाहींत, आणि तें साहजिकच आहे. ते झालेल्या चित्रपटांचा इतिहास लिहितात, न झालेल्यांचा नव्हे.

चित्रपटमहोत्सवांचा या प्रश्नाशीं आरंभीं कांहींच संबंध नव्हता. महोत्सव हा प्रदर्शनांतील परीक्षकासारखा. तयार माल पुढें आला म्हणजे त्यावर शिक्का मारावयाचा. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील कान्सचा महोत्सव १९३९ च्या सप्टेंबरांत सुरू व्हावयाचा होता. महायुद्धामुळें तो १९४६ सालीं भरला, आणि त्यांतील श्रेष्ठ पारितोषिकाच्या मानकऱ्यांत चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ होता. नवोदितांकरितां तेथें वेगळें पारितोषिक निघावयास १९७८ साल उजाडलें. त्या वर्षीं महोत्सवाचे सूत्रधार जील जाकोब यांनीं पहिल्या चित्रपटासाठीं ‘कॅमेरा दॉर’ सुरू केलें. मुंबईच्या रस्त्यांवरील मुलांची कथा सांगणारा मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे’ १९८८ सालीं त्याचा मानकरी झाला. परंतु हा सन्मानसुद्धां पूर्ण झालेल्या चित्रपटाचाच होता.

खरा पालट त्याच जाकोब यांनीं १९९८ सालीं केला. ‘सिनेफॉन्डेशन’ नांवाचा जो उपक्रम त्यांनीं काढला (‘ला सिनेफ’ हें त्याचें पुढील आटोपशीर नांव) त्यानें महोत्सवाचें दार प्रथमच विद्यार्थ्यास उघडलें. जगांतील चित्रपटविद्यालयांनीं आपल्या विद्यार्थ्यांचे लघुपट पाठवावे, त्यांतून पंधरा-वीस निवडावे, आणि ज्या गांवीं जगांतील नामांकित दिग्दर्शक जमतात तेथेंच त्यांचें परीक्षण व्हावें, अशी ही योजना. २०२४ सालीं ५५५ विद्यालयांतून २,२६३ लघुपट आले व त्यांतून १८ निवडले गेले. पहिलें पारितोषिक १५,००० युरोंचें. एवढ्या रकमेंत दीर्घ चित्रपट होत नसतो हें सांगावयास नको.

माझ्या मतें या उपक्रमाचा मोलाचा भाग तें पारितोषिक नव्हेच, तर २००० सालीं त्याला जोडलेलें पॅरिसमधील निवासगृह होय. वर्षाकाठीं सुमारें बारा तरुण दिग्दर्शकांस सहा-सहांच्या दोन तुकड्यांनीं तेथें बोलवावयाचें, राहावयास जागा व निर्वाहापुरतें वेतन द्यावयाचें, आणि साडेचार महिने आपली पटकथा लिहूं द्यावयाची. पुढें २००५ सालीं, कागदावर तयार झालेल्या कल्पना घेऊन दिग्दर्शकांनीं निर्मात्यांस भेटावें म्हणून ‘आतेलिए’ ही तिसरी शाखा निघाली. तिच्यांत बाजाराचा अंश अधिक. पण बाजारावांचून चित्रपट होत नाहीं. विद्यार्थ्याचा लघुपट, पटकथेचें लेखन आणि भांडवलाचा शोध, या तीनहि पायऱ्या एकाच छपराखालीं आल्या. प्रभातचा उमेदवार हेंच सारें एका कंपनीच्या आवारांत करीत असे.

फळें आलीं तीं सावकाश आलीं. रुमानियाचा कॉर्नेलिऊ पोरुंबोयू यास २००४ सालीं विद्यार्थ्यांच्या विभागांत दुसरें पारितोषिक मिळालें. दोनच वर्षांनीं त्याचा पहिला दीर्घ चित्रपट कॅमेरा दॉरचा मानकरी झाला. हंगेरीच्या लास्लो नेमेश यानें नाझी छळछावणीवरील ‘सन ऑफ सौल’च्या लेखनाचें काम त्या निवासगृहांत केलें, आणि २०१५ सालीं कान्सचें ‘ग्रां प्री’ मिळविलें.

पुण्याशीं या इतिहासाचा धागा जुळतो तो पायल कपाडिया यांच्यामुळें. आणि तो सरळ नाहीं. २०१५ सालीं पुण्याच्या संस्थेंत अध्यक्षपदावरील नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांचा १३९ दिवसांचा संप झाला. त्यांत त्या होत्या. त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली व शिष्यवृत्तीहि थांबविली गेली. २०१७ सालीं त्यांचा तेरा मिनिटांचा ‘आफ्टरनून क्लाउड्स’ कान्सच्या विद्यार्थी-विभागांत निवडला गेला, आणि ज्या संस्थेनें त्यांस शिक्षा केली तिच्याच नांवानें तो तेथें झळकला. वृद्ध विधवा आणि तिच्या घरीं काम करणारी नेपाळी मुलगी, एवढाच त्याचा ऐवज. २०१९ सालीं त्या पॅरिसच्या निवासगृहांत होत्या. २०२१ सालीं, विद्यार्थिदशेंतील त्या अस्वस्थ दिवसांचें चित्र असलेल्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला कान्स येथें सर्वोत्तम माहितीपटाचें पारितोषिक लाभलें. आणि २०२४ सालीं ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाईट’ मुख्य स्पर्धेंत उतरला. शाजी करुण यांच्या १९९४ सालच्या ‘स्वहम’नंतर तीस वर्षांत कोणताहि भारतीय चित्रपट त्या स्पर्धेंत नव्हता. त्यानें ग्रां प्री मिळविलें. मुंबईच्या रुग्णालयांतील मल्याळी परिचारिकांची ही कथा शेवटीं रत्नागिरीच्या किनाऱ्यास जाऊन पोंचते, तीहि छाया कदम यांनीं उभ्या केलेल्या पार्वती या मराठी स्वयंपाकिणीच्या पाठोपाठ.

लघुपटापासून या पारितोषिकापर्यंत सात वर्षें गेलीं. तीं कोणी पोसलीं हा प्रश्न आपणांस सुखाचा नाहीं. निवासगृह पॅरिसचें, भांडवलांतील मोठा वाटा फ्रान्स, नेदरलंड्स आणि लक्झेंबर्ग येथील. आमच्या मातींतलें रोप दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलें, आणि फूल आल्यावर आम्हीं त्याच्या मिरवणुका काढल्या.

या परकीय आश्रयाविरुद्ध एक आक्षेप नेहमीं घेतला जातो: पॅरिसच्या जिभेस रुचेल असाच पदार्थ मग तरुण लोक रांधूं लागतात. आक्षेप निराधार नाहीं. चित्रपटाच्या आधीं त्याविषयींचा कागद वाचला जातो, आणि चांगला अर्ज लिहिणारा चांगला चित्रपट काढीलच असें नाहीं. तथापि पुण्याच्या विद्यार्थ्यांनीं मिळविलेलीं पारितोषिकें पाहतां हें भय मला अर्धेंच खरें वाटतें. २०२० सालीं महासाथीमुळें कान्सचा नित्याचा सोहळा भरूं शकला नाहीं, तरी विद्यार्थ्यांचें पहिलें पारितोषिक दिलें गेलें, आणि तें अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’ला, भाऊ-बहिणीचें स्वतःपुरतें खाजगी जग हा त्याचा विषय. २०२४ सालीं पहिलें पारितोषिक पुन्हां पुण्यास आलें. मूळचे वैद्य असलेले म्हैसूरचे चिदानंद नाईक यांनीं केवळ एका वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटीं, चार दिवसांच्या चित्रणांत, सोळा मिनिटांचा कन्नड लघुपट केला. म्हातारी कोंबडा घेऊन जाते, आणि गांवांत सूर्य उगवायचा थांबतो! ही लोककथा पॅरिसकरितां रचली असें कोण म्हणेल?

आपल्याकडे कांहींच नाहीं असेंहि नाहीं. भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव २००४ सालापासून गोव्यास भरतो. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानें २००७ सालीं तेथें ‘फिल्म बाजार’ सुरू केला, आणि त्यांत पटकथालेखकांस मार्गदर्शन व निर्मात्यांच्या गांठीभेटी या दोन्ही गोष्टी घडूं लागल्या. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त २०२१ सालीं त्याच महोत्सवानें पंचाहत्तर तरुण कलावंत निवडून बोलाविले. २०२४ सालीं ही संख्या शंभर झाली. त्यांस गटागटांनीं एक लघुपट करावयास सांगतात. मुदत सुमारें दोन दिवसांची असते; पॅरिसमध्यें नुसत्या लेखनास साडेचार महिने देतात. लघुपट दाखविले जातात, बक्षिसें वांटलीं जातात, आणि महोत्सव संपला कीं मंडळी आपापल्या गांवीं परततात.